धरण फुटले की दारे उघडली? वाळवंटीकाठच्या एका रात्रीवरून पडलेले प्रश्न

वाळवंटीकाठ (धागाकर्ता)

जुलै महिन्यात दोन दिवस पावसाने उसंत घेतली नाही की रात्री फोनवर पहिला निरोप कोणता येतो, हे गोव्यातल्या साखळी शहरात वाळवंटी नदीच्या अलीकडे वा पलीकडे राहणाऱ्या कुणालाही विचारावे. 'अंजुणे फुटले' हाच तो निरोप. आमच्या भागात हे धरण दर पावसाळ्यात निदान एकदा तरी फुटते आणि सकाळी जागच्या जागी असते. मीही हे हसण्यावारी नेत असे. काही वर्षांपूर्वीच्या एका रात्रीनंतर मला ते जमेनासे झाले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

त्या रात्री पाणी दारातून येईल या हिशेबाने आम्ही उंबऱ्याशी वाळूच्या पिशव्या रचून बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास ते मागून आले. न्हाणीघराच्या मोरीतून आधी बुडबुडे निघाले, मग गटाराचा वास आला आणि मग लाल पाणी शांतपणे वर चढू लागले. तांदळाचे पोते आणि शिलाई मशीन माळ्यावर चढवेपर्यंत ते घोट्याला लागले होते. एवढ्यात शेजारच्या मुलाने फोन पुढे धरला. त्यावर लिहिले होते की धरण फुटले असून वीस मिनिटांत पाणी पोहोचेल. माझ्या आईचे वय तेव्हा ७८ होते. आम्ही दोघा भावांनी तिला खुर्चीसकट उचलले आणि चढणीवरच्या ओळखीच्या घरी नेले. वाटेत अर्धी माणसे वर चालली होती आणि अर्धी गुरे सोडायला व कागदपत्रे आणायला खाली परतत होती, त्यामुळे अरुंद वाटेवर अंधारात जी चेंगराचेंगरी झाली तिचीच मला पाण्यापेक्षा अधिक भीती वाटली.

पाऊण तासाने दुसरा निरोप आला की धरण फुटलेले नाही, दारे उघडली आहेत. मग तिसरा आला की दारे संध्याकाळीच उघडली होती आणि आता उलट थोडी खाली घेतली आहेत. मी एका कार्यालयात फोन लावला, तेव्हा 'घाबरण्याचे कारण नाही' एवढे एकच वाक्य ऐकवून तो ठेवण्यात आला.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे ते असे. धरण फुटणे, दारे उघडणे आणि नुसत्या पावसाने नदी चढणे, या तीन गोष्टींत माझ्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने नेमका फरक काय? प्रत्येक वेळी हातात वेळ किती असतो? कोणत्या पक्षाने काय केले, ही चर्चा कृपया इथे नको. तिच्यासाठी दुसरे धागे पुष्कळ आहेत.

सांगेकर

वाळवंटीकाठबाब, धरणांच्या देखभालीत माझी पंचवीसएक वर्षे गेली, त्यामुळे जमेल तितके सांगतो. लांबण लागली तर क्षमा असावी.

सर्वांत साधी गोष्ट म्हणजे सांडवा, म्हणजे धरणातले जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची वाट, वाहणे. आमच्या साळावलीच्या सांडव्याला दारेच नाहीत. बदकाच्या चोचीसारख्या वळणाच्या त्या कड्यापर्यंत पाणी आले की ते आपोआप आत कोसळते आणि रविवारी लोक मुलाबाळांना घेऊन ते पाहायला येतात. तिथे कुणी काही उघडत नाही आणि बंदही करत नाही. जलाशय काठोकाठ भरलेला असला तरी तो पसरट असल्यामुळे वरून येणारा लोंढा त्यात थोडा मुरतो आणि खाली जाणारे पाणी येणाऱ्या पाण्यापेक्षा काहीसे कमी आणि काहीसे उशिरा जाते. म्हणजे भरलेले धरणसुद्धा पुराची धार थोडी बोथट करते. हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

अंजुण्याला दारे आहेत आणि दारे म्हटली की माणसाचा निर्णय आला. त्यासाठी जलाशय परिचलन सूची असते. कोणत्या पंधरवड्यात पातळी कुठवर राहू द्यायची हे तीत ठरलेले असते. जुलैमध्ये धरण पूर्ण भरू देत नाहीत, पुढच्या पावसासाठी पोटात जागा ठेवतात. म्हणून धरण भरण्याआधीच दारे थोडी उघडली असे कळले, तर ते काम नीट चालल्याचे लक्षण समजावे. पुढे शेतीला आणि नळाला पाणी कमी पडेल या धास्तीने पाणी धरून ठेवले जाते, मग एका रात्री डोंगरावर जोराचा पाऊस होतो आणि सगळी दारे एकदम वर घ्यावी लागतात, तेव्हा खालच्या गावांचे हाल होतात. अशा वेळी धरण शाबूत राहते आणि तरी घरे बुडतात.

फुटण्याबद्दल स्वतंत्र लिहितो. तूर्त आकार ध्यानात ठेवा. अंजुण्यात सुमारे ४५ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, साळावलीत सुमारे २३४ आणि तिलारीत साधारण ४६०. तिन्ही नावे आपण एका दमात घेतो, पण तिलारीच्या पोटात दहा अंजुणी बसतात.

साळकार

तिलारीचे नाव निघालेच आहे तर साळ गावाची बाजू मांडतो. आमचे गाव बाहेरच्यांना गड्यांच्या उत्सवामुळे माहीत असते, पावसाळ्यात मात्र ते तिलारीमुळे बातम्यांत येते. हे धरण गोवा आणि महाराष्ट्राचे संयुक्त असले तरी उभे आहे दोडामार्ग तालुक्यात. पाणी सोडण्याचा इशारा सिंधुदुर्गातून निघतो, कोनाळकट्टा, घोटगेवाडी, परमे, कुडासे, मणेरी अशी गावे उतरत येतो आणि मग हद्द ओलांडून साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे यांच्याकडे पोहोचतो. नदीला हद्द ओलांडायला कुणाची परवानगी लागत नाही, इशाऱ्याला मात्र लागते की काय असे वाटण्याइतका तो रेंगाळतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली होती त्याच दिवसांत, आमच्या शेतांत आणि घरांत पाणी शिरले ते असेच.

इशाऱ्यातली भाषा हा वेगळाच विषय आहे. 'खळग्यातील धरणाच्या सांडव्यावरून विसर्ग सुरू असून नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे' हे तिलारीबद्दलचे वाक्य मला आता पाठ झाले आहे. सतर्क राहावे म्हणजे काय करावे? म्हशी सोडाव्यात, पंप काढून आणावा, की नुसते जागे राहावे? विसर्गाचा आकडा दिला तरी तो घनमीटर प्रति सेकंदात असतो आणि त्या आकड्याला माझ्या कुळागराच्या कुंपणापर्यंत पाणी येते की सुपारीच्या पहिल्या रांगेपर्यंत, हे सांगणारे कुणी नसते.

डिचोलीकर

मला ही सगळी चर्चा धरणाभोवती उगाच फिरते आहे असे वाटते. डिचोली आणि साखळीत पाणी शिरते त्याला धरणापेक्षा बुजवलेले नाले, खाणींच्या डंपांवरून वाहून आलेल्या मातीने भरलेली पात्रे आणि नदीच्या कुशीत बांधलेली दुकाने जास्त जबाबदार आहेत. साखळीच्या बाजाराला नदीकडून भिंत घातली, आतले पाणी उपसायला पंप बसवले, तेव्हापासून फरक पडला आहे हे कुणीही मान्य करील. भिंत घातल्यावर आतले पाणी बाहेर जायला पंपच लागतात, आणि गटाराचे तोंड उघडे राहिले तर नदी तिथूनच आत येते. धागाकर्त्याच्या मोरीत झाले ते हेच असावे.

वाळवंटीकाठ

डिचोलीकर यांचे मोरीबद्दलचे म्हणणे मला पटते आणि त्यासाठी काही उपाय असल्यास जरूर सांगावा. मात्र नाला तुंबल्यामुळे आलेले पाणी आणि धरणातून आलेले पाणी रात्री साडेअकराला सारखेच दिसते. आईला खुर्चीसकट उचलायचे की मोरीवर वजन ठेवून झोपायचे, हा निर्णय त्यातले कोणते आहे यावर अवलंबून होता.

फोंड्यात राहणारा चिपळूणकर

मी मूळचा चिपळूण तालुक्यातला. नोकरीमुळे गेली अनेक वर्षे फोंड्यात आहे, पण तिवरे आमच्यापासून लांब नाही. २ जुलै २०१९च्या रात्री तिथले मातीचे धरण फुटले आणि भेंदवाडी जवळजवळ पुसली गेली. वीसहून अधिक माणसे गेली. अंजुण्याच्या तुलनेत ते धरण कितीतरी लहान होते. त्याला गळती लागल्याचे गावकऱ्यांनी आधी कळवले होते आणि थोडीफार डागडुजी झालीही होती. पुढे खेकड्यांनी धरण पोखरल्याचे मंत्र्यांचे विधान आले आणि महिनाभर महाराष्ट्र खेकड्यांवर विनोद करत होता. ज्यांची माणसे गेली त्यांना तो विनोद कसा लागला असेल, हे इथे लिहीत नाही.

वेळ किती मिळतो, या धागाकर्त्याच्या प्रश्नाला तिवऱ्याचे उत्तर असे, की भेंदवाडी धरणाच्या अगदी पायथ्याशी होती आणि वेळ मिळालाच नाही. माणसे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास घरात होती. धरणापासून अंतर किती, हा पहिला प्रश्न आणि दिवस की रात्र, हा दुसरा.

सांगेकर

चिपळूणकरांनी खेकड्यांचा उल्लेख केला आहे, तर फुटण्याची गोष्ट तिथूनच सुरू करतो.

मातीचे धरण भिंत कोसळावी तसे कोसळत नाही, ते कापले जाते. कापणारे पाणीच असते आणि एकदा वाट मिळाली की ते ती वाट स्वतः रुंद करत जाते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत हा खेळ चालतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पाणी माथ्यावरून जाते, किंवा पोटातून जाते.

माथ्यावरून जाण्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे सांडवा अपुरा पडणे. गुजरातमधील मच्छू-२ हे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच गेले. सांडवा ज्या पुरासाठी आखला होता, त्याच्या दुपटीहून मोठा पूर आला, त्यात काही दारे उघडलीच नाहीत आणि दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावांवरून पाणी वाहू लागले. खाली काही किलोमीटरवर मोरबी शहर होते. सांडव्याचा दगड पाणी सोसतो. मातीच्या भरावाच्या खालच्या उतारावरचे गवत ते फार वेळ सोसू शकत नाही.

पोटातून जाण्याचा प्रकार अधिक फसवा आहे. मातीचे प्रत्येक धरण झिरपते, झिरपलेच पाहिजे. आत चिकणमातीचा गाभा, त्याला लागून वाळूचे गाळणी थर आणि पायथ्याशी चर, ही सगळी रचना त्या पाण्याला माती न उचलता बाहेर पडू देण्यासाठी केलेली असते. आमचे एक जुने पर्यवेक्षक पावसाळ्यात फेरीला निघताना खिशात काचेची रिकामी बाटली ठेवत. पायथ्याच्या चरातले पाणी तीत भरून ते उजेडाकडे धरत आणि मग ती बाटली चौकीच्या खिडकीत रात्रभर ठेवत. सकाळी तळाशी काही बसले नाही, तर वहीत 'स्वच्छ' अशी नोंद होई. तळाशी बोटाच्या नखाएवढा जरी गाळ बसला, तरी ते चहा न पिता पुन्हा धरणावर जात. पाणी जास्त येते आहे यापेक्षा गढूळ येते आहे याची त्यांना धास्ती असे, कारण गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती बाहेर निघाली. खेकड्याचे बीळ, वारुळे, भरावावर वाढू दिलेल्या झाडाची कुजलेली मुळे ही त्या पाण्याला आयती वाट देतात हे खरे आहे. पण खेकडा एका रात्रीत धरण फोडत नाही. तो बीळ पाडतो तेव्हा ते बीळ पाहायला कुणीतरी जायला हवे असते.

भरावातून जाणारा विमोचकाचा, म्हणजे धरणातले पाणी खाली सोडण्याचा, नळ ही दुसरी नाजूक जागा. पुण्याचे पानशेत १२ जुलै १९६१ रोजी गेले. धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्यात पाणी साठले होते, नळाभोवतीचा भाग खचत गेला आणि माथा खाली बसू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला, म्हणून जे रात्री झाले असते ते सकाळी झाले. त्या पाण्याने खालचे जुने दगडी खडकवासला त्याच दिवशी फुटले. त्या पोत्यांनी धरण वाचले नाही, पण पुण्याला दिवसाउजेडाचे काही तास मिळाले. वेळेचे मोल काय, हे त्यावरून कळेल.

खाजनकन्या

सांगेकरकाका, बाटलीची गोष्ट वाचून आमच्या बेटावरचा जुना रिवाज आठवला. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींच्या बांधांवरून भरतीच्या वेळी फिरणारी माणसे असत आणि चिखलातला बुडबुडा पाहून आत पोकळी आहे की नाही हे सांगत. तो चिखलाचा आणि दगडाचा बांध म्हणजे मातीचे धरणच आहे, फक्त त्याच्या एका बाजूला समुद्राचे पाणी असते आणि ते दिवसातून दोनदा चढते. बांधाला भगदाड पडले आणि ते दोन-चार भरत्यांच्या आत बुजवले नाही, तर पुढे ते कुणाच्याच आवाक्यात राहत नाही आणि शेत खारे होते.

माझा मुद्दा मात्र भरतीचा आहे, कारण वरच्या चर्चेत तो अजून आला नाही. आमच्या खाजनांची मानस, म्हणजे पाणी आतबाहेर करणारे लाकडी दार, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. भरती असेपर्यंत आतले पावसाचे पाणी आतच राहते. वाळवंटी जिला मिळते त्या मांडवीचेही तसेच आहे. भरतीचा फुगवटा वर गांजेपर्यंत जाणवतो. तेव्हा वरून पाणी सोडायची वेळ आणि भरतीची वेळ एकमेकांवर आली, तर तेवढ्याच विसर्गाने पाणी हातभर अधिक चढते. दारे उघडण्याचा निर्णय घेताना कुणी भरतीचे वेळापत्रक समोर ठेवते का? आमच्याकडे मासे पकडणारा मुलगासुद्धा ते पाहून बाहेर पडतो.

काणकोणकार

मी धरणाच्या विरोधात वा बाजूने काहीच म्हणत नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी, गांधी जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी, काणकोणात जे झाले त्यात धरण फुटले नव्हते. पावसाळा संपला असे समजून लोक भाताच्या कापणीकडे पाहत होते आणि काही तासांत इतका पाऊस कोसळला की डोंगरांच्या कडा सुटून खाली आल्या, तळपण आणि गालजीबाग या एरवी शांत असणाऱ्या नद्या घरांच्या भिंती घेऊन गेल्या. त्या दिवशीही चापोलीचे धरण फुटल्याचे अनेकांनी ऐकले होते. माणसाला एवढ्या पाण्याचे कारण म्हणून धरणच सुचते, नुसत्या ढगावर त्याचा विश्वास बसत नाही.

सांगेकर

काणकोणकारांनी मर्मावर बोट ठेवले आहे. थोडा हिशेब मांडतो, म्हणजे नुसत्या ढगावर विश्वास बसेल.

एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. आपण गोव्यात पाऊस इंचांत बोलतो, तर दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. समजा एखाद्या ओहोळाचे पाणलोट क्षेत्र २० चौरस किलोमीटर आहे. त्यावर दहा इंच पडले तर सुमारे ५१ लाख घनमीटर पाणी पडले. जमीन आधीच भिजलेली असल्याने त्यातले सत्तर टक्के वाहिले असे धरू, म्हणजे साधारण ३५ लाख घनमीटर. ते चोवीस तासांत समान वाहिले तर सेकंदाला सरासरी ४१ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेचौदाशे क्युसेक (सेकंदाला घनफूट). तेच सहा तासांत वाहिले तर चौपट, जवळपास ५८०० क्युसेक. पाऊस तोच आणि डोंगरही तोच, फक्त घड्याळ बदलले. म्हणून 'आज किती इंच पडला' यापेक्षा 'शेवटच्या तीन तासांत किती पडला' हा प्रश्न नदीकाठच्या माणसाने विचारावा.

याच कारणाने 'धरण ९० टक्के भरले' ही बातमी मला अर्धवट वाटते. उन्हाळ्याच्या पाण्याच्या चिंतेसाठी ती ठीक आहे. पुराच्या दृष्टीने उरलेले दहा टक्के किती तासांत भरतील, हे हवे.

खाजनकन्येच्या प्रश्नाला माझ्या अनुभवापुरते उत्तर देतो. माझ्या वेळी भरती पाहिली जाई ती एखाद्या जाणत्या माणसाच्या डोक्यात असेल तर. कागदावर तो रकाना नव्हता.

डिचोलीकर

दारांचाच विषय असेल तर १० ऑगस्ट २०२४च्या रात्री तुंगभद्रेवर झालेले आठवावे. ३३ दारांपैकी १९व्या दाराची साखळी तुटली आणि ते दार वाहून गेले. धरण शाबूत राहिले, पण भरत आलेले पाणी सोडून द्यावे लागले आणि वाहत्या पाण्यात तात्पुरते दार बसवायला आठवडा गेला. तेव्हा फुटणे आणि दारे उघडणे यांच्या मधली ही आणखी एक अवस्था धागाकर्त्याने आपल्या यादीत घालावी. मी धरणावरची चर्चा उगाच म्हटले होते, तेवढे मागे घेतो. नाल्यांबद्दलचे मात्र नाही.

साळकार

सांगेकरबाब, एक प्रश्न. धरण फुटले तर कोणत्या गावात किती वेळात किती पाणी येईल, असा नकाशा कायद्याने करावा लागतो असे ऐकले. तो आम्हाला का दिसत नाही?

सांगेकर

धरण सुरक्षा कायदा २०२१चा, तो ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पंधरा मीटरहून उंच धरणे आणि काही अटींत बसणारी दहा ते पंधरा मीटरची धरणे त्याखाली येतात. धरणाच्या मालकाने पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करायची आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवायचा, असे त्यात आहे. जुन्या धरणांसाठी आराखड्याला पाच वर्षांची मुदत दिली आहे. बुडणाऱ्या क्षेत्राचा नकाशा हा अशा आराखड्याचा गाभा असतो. पण नकाशा केला म्हणजे तो ग्रामसभेत वाचला जातो असे नाही. माझ्या काळात असे कागद कपाटात असत आणि कपाटाची किल्ली रजेवर असे. लोकांना दाखवले तर घबराट पसरेल, हे कारण मी स्वतः वरिष्ठांच्या तोंडून ऐकले आहे आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला ते पटलेही होते. धागाकर्त्याने वर्णन केलेली ती अरुंद वाट वाचल्यावर ते पटत नाही. कागद कपाटात होता आणि घबराट तरीही पसरली.

गावाने नकाशा लेखी मागावा. देताना 'सतर्क राहावे' याऐवजी शाळेची पायरी, देवळाचा दीपस्तंभ, पुलाचा कठडा अशा खुणांनी पातळी सांगावी असा आग्रह धरावा. मोरीबद्दल विचारले होते. कायमचा उपाय म्हणजे गटाराच्या नळावर एकाच दिशेने उघडणारी झडप, पण ती पावसाळ्याआधी साफ करावी लागते, नाहीतर पानांनी उघडीच राहते. तात्पुरता उपाय म्हणून मोरीवर जाड प्लॅस्टिक पसरून वाळूची भरलेली पिशवी बसवावी. उंबऱ्याआधी मोरी, हे लक्षात ठेवावे.

खाजनकन्या

आणि पिशवी तीन चतुर्थांशच भरावी, काका. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी राहते आणि कडेने पाणी सोडते, सैल असली की ती जागेवर बसते. बांधावर काम केलेल्या कुणालाही विचारा.

वाळवंटीकाठ

सर्वांचे आभार मानण्याआधी मधल्या काळात काय केले ते सांगतो.

नकाशासाठी लेखी अर्ज दिला आहे. पोच मिळाली, नकाशा अजून नाही. तोवर आम्ही वाड्यातल्या सहा घरांनी स्वतःची एक सोय केली. आमची एक मावशी वर केरीला राहते, तिच्या परसात धुण्याच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिसरी पायरी बुडाली की ती मला फोन करते आणि मी वेळ लिहून ठेवतो. आमच्याकडे पुलाच्या खांबावरच्या जुन्या खुणेला पाणी लागले की पुन्हा वेळ लिहितो, आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी हेही लिहितो. आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. आकडे इथे मुद्दाम देत नाही, कारण तीन नोंदींवर कुणी आपले घर सोपवू नये, आणि धरण फुटले तर हा हिशेब लागू पडणार नाही हे सांगेकरबाबांच्या प्रतिसादावरून माझ्या ध्यानात आले आहे. पण ओहोटीला आणि भरतीला पडणारा फरक तीन नोंदींतसुद्धा दिसतो, एवढे खाजनकन्येला कळवावेसे वाटले.

आईने या सगळ्यात एकच दुरुस्ती सुचवली. मला उचलायचेच असेल तर हात असलेली खुर्ची नको, ती वाटेच्या वळणावर अडकते, असे ती म्हणाली. आता साधी खुर्ची दाराशी ठेवतो.

हे लिहीत असतानाच मावशीचा फोन आला. तिसरी पायरी दहा वाजून पाच मिनिटांनी बुडाली आहे, आणि भरती साडेअकराची आहे. मोरीवर प्लॅस्टिक पसरून पिशवी ठेवतो आणि पुलाकडे जातो. वेळ रात्री इथेच लिहीन.